बजेट विचारायला लाजू नका, पण विचारायचं कसं?

लग्नाच्या धंद्यात उतरणारे बरेच जण मला विचारतात, "सर, कस्टमर बजेटच सांगत नाही, मग कोटेशन द्यायचं कशावर?"

आधी माझीच चूक सांगतो. नाशिकमध्ये माझं पत्रिका आणि आहेराच्या सामानाचं दुकान आहे. दुकान नवीन असताना निफाडकडचे एक काका मुलीला घेऊन पत्रिका बघायला आले. द्राक्षबागायतदार. ८०० पत्रिका हव्यात म्हणाले. मी मनाशी ठरवून टाकलं, बागायतदार म्हणजे पार्टी मोठी! एकामागे एक बॉक्सवाल्या पत्रिका काढत गेलो. साठ रुपये, ऐंशी रुपये. काका हातात घ्यायचे आणि खाली ठेवायचे. शेवटी "घरी विचारून सांगतो" म्हणून उठले. जाताना मुलीनं रॅकमधल्या बारा रुपयांच्या साध्या पत्रिकेकडे पाहिलं, ते अजून आठवतं. त्या वर्षी अवकाळीनं त्यांची बाग झोडपली होती, हे मला नंतर कळलं. ९,६०० रुपयांची ऑर्डर एक प्रश्न न विचारल्यामुळे गेली. त्याहून वाईट म्हणजे एका बापाला मी त्याच्या मुलीसमोर अवघडवून टाकलं.

कस्टमर आकडा का लपवतो? त्याला वाटतं, तीन लाख म्हटलं की समोरचा बरोबर तीन लाखांचं बिल काढणार. आणि खरं सांगू का, आपल्यातले काही जण काढतातही. म्हणून मी आता आधी माझे भाव समोर ठेवतो, छापील रेटकार्ड, आणि मगच विचारतो: "काका, पत्रिकेसाठी साधारण किती धरलेत? दहा हजारांच्या आत, की वर?" नेमका आकडा मागितला की माणूस आखडतो, अंदाज मागितला की बोलतो. अजून एक, व्याही सोबत असतील तर हा प्रश्न तिथे काढायचाच नाही. मुलीकडचे कमी सांगायला लाजतात, मुलाकडचे जास्त सांगून बसतात, आणि ती ऑर्डर पुढे हमखास फिसकटते. दुसऱ्या दिवशी फोन करा.

आकडा मिळाला की खरं काम सुरू होतं. केटरिंगचं उदाहरण घ्या. समजा ५०० पानं, पानामागे २५० रुपये, म्हणजे सव्वा लाख. कस्टमर म्हणतो, माझ्याकडे एक लाख आहेत. नवखा केटरर काय करतो? पनीर कमी करतो, तूप कमी करतो, पण बोलत नाही. मग पंगतीत नाव खराब होतं ते त्याचं. त्यापेक्षा सरळ सांगा: "दादा, एक गोड पदार्थ काढला तर पानामागे तीस वाचतील, म्हणजे १५ हजार. यादीतली शंभर माणसं कमी केली तर २५ हजार." बहुतेकांना हा हिशोब कोणी मांडूनच दाखवलेला नसतो. तेही जमत नसेल तर किराणा घरचा आणि आचाऱ्याला फक्त मजुरी, ही आपल्या गावाकडची जुनी पद्धत आहेच. त्यात तुमची ऑर्डर जाईल, जाऊ द्या. मंडपाचं मात्र असं नाही. पाहुणे तीनशे असोत की चारशे, स्टेज तेवढंच लागतं. तिथे "कशात तडजोड नको?" हा प्रश्न जास्त कामाचा.

कधी कधी बजेट ऐकून नाही म्हणावं लागतं. चार हजारांत येवल्याची हातमागावरची रेशमी पैठणी मागणाऱ्या ताईला पॉवरलूमची साडी "ओरिजिनल" म्हणून गळ्यात मारू नका. पैठणीला २०१० मध्ये जीआय मिळाला आहे, लोक आता विचारतात. "या पैशात पॉवरलूमची येईल, दिसायला छान आहे" असं म्हणा. घेणारी घेते.

पैशाचं बोलणं निघालंच आहे तर रोखीचंही बोलून घ्या. १ एप्रिल २०१७ पासून आयकर कायद्यानं एकाच कार्यक्रमापोटी एका व्यक्तीकडून दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही. दोन-तीन दिवसांत तुकडे करून घेतली तरी नाही. दंड घेणाऱ्याला, म्हणजे आपल्याला, आणि तोही घेतलेल्या रकमेएवढा! जीएसटी नोंदणी असेल तर सांगितलेला भाव करासह की कराशिवाय, हे पहिल्याच भेटीत लिहून द्या. फुलांचा भाव तिथीला कुठे जाईल याचा नेम नसतो, म्हणून डेकोरेशनच्या कोटेशनमध्ये "फुलं त्या दिवशीच्या बाजारभावानं" ही एक ओळ टाका.

शेवटचा प्रश्न "किती" नाही, "कधी". आपल्याकडे द्राक्षाचा पैसा साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये हातात येतो. मे महिन्यातलं लग्न असेल तर अडचण नाही. पण तुळशीच्या लग्नानंतर, डिसेंबरमध्ये मांडव पडणार असेल तर त्या घरात बजेट असतं, पैसे नसतात. अशा वेळी मी कागद आणि छपाईचा खर्च निघेल एवढा ॲडव्हान्स घेतो, बाकीची तारीख दोघांच्या सहीनं लिहितो. माझं मार्जिन मार्चपर्यंत थांबू शकतं, कागदवाल्याचं बिल थांबत नाही.