रक्तावर जात लिहिलेली नसते



गावात रक्तदान शिबिर लागले की पुढे येणारे तेच ते चार जण असतात. बाकीचे म्हणतात, "सध्या तोड चालू आहे, अंगातली ताकद जाईल." या मंडळींसाठी आम्ही यावेळी एका परदेशी डॉक्टरांची हकिकत देत आहोत.

चार्ल्स ड्रू यांचा जन्म १९०४ साली अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन येथे एका कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. वडील गालिचे बसविण्याचे काम करीत. पोरगा खेळात तरबेज. अ‍ॅमहर्स्ट कॉलेजात त्याने मैदान गाजविले. १९२६ साली पदवी मिळाली, पण डॉक्टरकीला पैसा नव्हता. म्हणून दोन वर्षे बाल्टिमोरच्या मॉर्गन कॉलेजात नोकरी केली आणि मग कॅनडातील मॅकगिल विद्यापीठातून १९३३ साली ते डॉक्टर झाले.

ओमेगा साय फाय ही कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी १९११ साली काढलेली बंधुसंस्था. ड्रू तिचे सभासद होते. १९३१ साली तिच्यासाठी त्यांनी मर्सर कुक या दोस्तासोबत गीत लिहिले, चाल दिली कुक यांनी. कुक, विल्यम हेस्टी आणि माँटेग्यू कॉब हे तिघेही शाळेपासून कॉलेजापर्यंतचे सोबती. पुढे हेस्टी १९३७ साली संघराज्याचे पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश झाले, कुक १९६१ साली नायजर देशात राजदूत झाले, तर कॉब हॉवर्ड विद्यापीठात शरीररचनाशास्त्र शिकवू लागले. त्याच हॉवर्डमध्ये ड्रूही शिकवीत होते. आपल्याकडे तालमीतले नि बोर्डिंगातले सोबती जसे जन्मभर एकमेकांना धरून असतात, तशीच ही मंडळी.

आता ड्रू यांचे काम पाहू. तोडलेला ऊस फडात पडून राहिला की वजन घटते, उतारा पडतो, हे आपणांस सांगायला नको. रक्ताचेही तसेच. काढलेले रक्त त्या काळी फार दिवस टिकत नसे. रक्तातील पेशी बाजूला काढल्या की जो पिवळसर द्रव उरतो, तो प्लाझ्मा. तो जास्त टिकतो आणि लांब पाठविता येतो. रक्त साठविण्याच्या या शास्त्रावर ड्रू यांनी १९४० साली कोलंबिया विद्यापीठात प्रबंध लिहिला. त्याच वर्षी लंडनवर बाँब पडू लागले. तेव्हा न्यूयॉर्कमध्ये सुमारे साडेचौदा हजार लोकांनी रक्त दिले आणि पाच हजार लिटरांवर प्लाझ्मा ब्रिटनला गेला. या कामाचे वैद्यकीय प्रमुख होते डॉ. ड्रू.

आणि गंमत बघा! पुढे १९४१ साली अमेरिकन रेडक्रॉसची रक्तपेढी उभी करणाऱ्या या माणसाचेच रक्त त्या पेढीला चालत नव्हते. पुढे कृष्णवर्णीयांचे रक्त घेऊ लागले, तेही वेगळे ठेवून. याला शास्त्रात काडीचाही आधार नाही, असे ड्रू यांनी उघड बजावले. ही वेगळी मांडणी रेडक्रॉसने १९५० साली बंद केली.

त्याच वर्षी १ एप्रिल रोजी डॉक्टर मंडळींसह टस्कीगीला वैद्यकीय शिबिरास जाताना, रात्रभराच्या प्रवासात गाडी चालविताना त्यांना झोप लागली आणि अपघातात त्यांचा अंत झाला. वय अवघे ४५. कृष्णवर्णीय म्हणून त्यांना रक्त नाकारले गेले, अशी वदंता पसरली, पण ती खरी नाही. गोऱ्या डॉक्टरांनी शर्थ केली होती, हे बरोबरच्या डॉक्टरांनीच सांगितले. ड्रू यांचे चरित्र वैद्यकीय मासिकात लिहून ठेवले ते जुन्या दोस्ताने, कॉब यांनी.

सभासदांनो, रक्तपेढीत पिशवीवर गट लिहितात, जात लिहीत नाहीत. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन साडेबारा असेल, तर निरोगी माणूस रक्त देऊ शकतो. पुरुषाने तीन महिन्यांनी व स्त्रीने चार महिन्यांनी पुन्हा द्यावे. एका वेळी साधारण ३५० मिलिलिटर घेतात. त्या दिवशी जड काम करू नये, पाणी भरपूर प्यावे, एवढेच पथ्य. तेव्हा पुढच्या शिबिराला एकटे येऊ नका. शाळेतला, तालमीतला एक दोस्त बरोबर घेऊन या.