हिमाची वाट, गोठलेली तळी

अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातील रॉकी माउंटन राष्ट्रीय उद्यानात बेअर लेक या तळ्यापासून निंफ लेक आणि ड्रीम लेकवरून एमराल्ड लेकपर्यंत जाणारी पायवाट उन्हाळ्यात सुमारे तीन किलोमीटर लांबीची, सुमारे 200 मीटर चढाची आणि लहान मुलांनाही झेपण्याजोगी असते; हिवाळ्यात मात्र तिचे दगड, पायऱ्या आणि बहुतेक खुणा हिमाखाली जातात आणि तिच्या जागी दुसरीच एक वाट तयार होते, जी जमिनीची नसून हिमाची असते आणि म्हणून दर वाऱ्यागणिक व दर थंड रात्रीगणिक बदलत राहते. 1915 साली स्थापन झालेल्या या उद्यानात हिवाळी पदयात्रेसाठी येणाऱ्यांना ही वाट विशेष प्रिय आहे, कारण बेअर लेकपर्यंतचा मोटाररस्ता हिवाळ्यातही साफ ठेवला जातो आणि तेथून अवघ्या दीड-दोन तासांत उंच पर्वतांच्या गाभ्यात पोहोचता येते. बेअर लेक सुमारे 2,890 मीटर उंचीवर आहे आणि एमराल्ड लेक सुमारे 3,080 मीटरवर, म्हणजे 1,646 मीटर उंचीच्या कळसूबाईच्या पावणेदोन पटींहून थोडे अधिक. इतक्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे सत्तर टक्केच असल्याने सपाटीवरून थेट आलेल्या माणसाला पहिल्या चढावरच धाप लागते.

या वाटेविषयी लिहिताना मराठीत एक अडचण येते. आकाशातून पडणारे भुसभुशीत कण आणि पाणी गोठून झालेला घट्ट थर या दोन्ही गोष्टींना रोजच्या बोलण्यात ‘बर्फ’ हा एकच शब्द पुरतो. येथे मात्र दोहोंतला भेद महत्त्वाचा असल्याने पहिल्याला हिम आणि दुसऱ्याला बर्फ म्हणणे सोयीचे ठरेल.

ताज्या हिमाच्या एका घनमीटरचे वजन बहुधा 50 ते 100 किलो भरते, तर तेवढ्याच आकारमानाच्या बर्फाचे वजन सुमारे 917 किलो असते. याचा अर्थ असा, की ताजे हिम हे मुख्यतः हवाच असते आणि त्यावर साध्या बुटाने पाऊल टाकले तर ते गुडघ्यापर्यंत, कधी मांडीपर्यंत खाली जाते. स्नोशू हे पादत्राण या अडचणीवर शोधलेले उत्तर आहे. बुटाखाली बांधायची ही रुंद, लंबगोल चौकट माणसाचा भार मोठ्या क्षेत्रावर पसरवते: बुटाच्या तळव्याचे क्षेत्रफळ अडीचशे-तीनशे चौरस सेंटिमीटर धरले, तर मध्यम आकाराच्या स्नोशूचे त्याच्या चौपटीच्या आसपास येते, आणि त्याच प्रमाणात हिमावरचा दाब घटतो. तरीही माणूस हिमावर तरंगत नाही. तो थोडा खचतो, खचताना खालचे कण दाबले जाऊन एकमेकांना भिडतात आणि पुरेसे घट्ट झाले की पाऊल थांबते. निसर्गाने हीच युक्ती या जंगलातल्या स्नोशू हेअर नावाच्या सशाला दिली आहे, ज्याचे मागचे पाय शरीराच्या मानाने फार मोठे आणि केसाळ असतात. त्याच प्रदेशातल्या पांढऱ्या शेपटीच्या टार्मिगन पक्ष्याच्या पायांवर हिवाळ्यात बोटांपर्यंत दाट पिसे येतात.

माणसाने ही युक्ती फार पूर्वीच आत्मसात केली. इटलीच्या दक्षिण टिरोल भागातील गुर्गलर आइसयोख हिमनदीवर 2003 साली सापडलेली बर्च लाकडाची एक चौकट इसवी सनापूर्वी 3800 ते 3700 या काळातली ठरली असून ती आजवर सापडलेल्या स्नोशूंपैकी सर्वांत जुनी मानली जाते. परंतु या पादत्राणाला खरे वैविध्य दिले ते उत्तर अमेरिकेच्या आदिवासी समाजांनी. अ‍ॅश वृक्षाचे लाकूड वाफेवर वाकवून केलेली चौकट आणि तिच्यात कच्च्या कातड्याच्या वाद्यांनी विणलेली जाळी ही त्यांची रचना होती; घनदाट झाडीत सहज वळता यावे म्हणून आखूड व गोलसर आकार आणि मोकळ्या माळावर वेगाने जाता यावे म्हणून लांब, टोकदार आकार, असा भेद त्यांनी भूप्रदेश ओळखून केला होता. क्री आणि ओजिब्वे लोकांच्या या कारागिरीवाचून फ्रेंच फरव्यापाऱ्यांना कॅनडाच्या अंतर्भागात हिवाळा काढणे अवघड गेले असते. आजच्या स्नोशूची चौकट बहुधा अ‍ॅल्युमिनियमची आणि पृष्ठभाग कृत्रिम कापडाचा असतो. पायाचा चवडा एका बिजागरीवर बांधलेला असून टाच मोकळी राहते, त्यामुळे पाऊल उचलताना शेपटीकडचा भाग हिमावर ओढला जातो आणि चालणे सोपे होते, तर चवड्याखालचे धातूचे दात घट्ट पृष्ठभागावर पकड देतात.

चालण्याची रीत तासाभरात अंगवळणी पडते. पावले नेहमीपेक्षा किंचित रुंद टाकावी लागतात, वळताना मोठा फेरा घ्यावा लागतो, आणि मागे सरकणे टाळावे लागते, कारण शेपूट हिमात रुतून माणूस हमखास पडतो. बेअर लेक ते निंफ लेक हा पाऊण किलोमीटरचा टप्पा तर इतका वर्दळीचा आहे, की तेथील हिम तुडवून टणक झालेले असते आणि तेथे स्नोशू पाठीवर बांधून, बुटांवर बारीक दातांच्या साखळ्या चढवून चालणेच शहाणपणाचे ठरते. उत्तराखंडातील केदारकांठ्याच्या हिवाळी वाटेवर जाणाऱ्या महाराष्ट्रातील गिर्यारोहकांना याच साखळ्या परिचित असतात. हिम तुडवले की ते टणक का होते, याचे कारण मोठे वेधक आहे: दाबाने जवळ आलेले कण संपर्काच्या बिंदूंवर हळूहळू एकमेकांना सांधले जातात, आणि ही क्रिया रात्रभर चालू राहिल्याने आदल्या दिवशीची मऊ पाऊलवाट सकाळी लादीसारखी कडक झालेली आढळते. याच कारणाने स्नोशूशिवाय चालून पडलेले खोल खड्डेही रात्रीतून कडक होतात आणि मागून येणाऱ्याचा घोटा मुरगळू शकतात.

ड्रीम लेकच्या पुढे वाट टिंडॉल घळईत शिरते, आणि येथे विषयाचे गांभीर्य वाढते. उजवीकडे 3,756 मीटर उंचीचे फ्लॅटटॉप आणि डावीकडे 3,875 मीटरचे हॅलेट शिखर उभे असून दोन्ही शिखरे खंडाच्या मुख्य जलविभाजकावर आहेत. शेवटच्या हिमयुगात याच घळईतून खाली सरकलेल्या हिमनदीने खडक कोरून तळ्यांची खोलगट भांडी तयार केली. घळईला ब्रिटिश पदार्थशास्त्रज्ञ जॉन टिंडॉल यांचे नाव आहे. ते हिमनद्यांचे अभ्यासक आणि 1861 साली आल्प्समधील वाइसहॉर्न शिखरावर प्रथम पोहोचलेल्या चमूतले गिर्यारोहक होते, तर 1859 पासून केलेल्या प्रयोगांतून त्यांनी हवेतील बाष्प उष्णतेचे प्रारण शोषून घेते हे दाखवून दिले. हे नाव या जागेला विलक्षण शोभते, कारण येथल्या धोक्याचे मूळ त्यांच्याच प्रयोगाशी जोडता येते. कोलोरॅडोच्या कोरड्या, निरभ्र रात्री उष्णता अडवायला हवेत बाष्प फारसे नसते, म्हणून हिमाचा पृष्ठभाग अतिशय थंड होतो, तर जमिनीलगतचे हिम शून्य अंशाच्या आसपासच राहते. हिमाचा थर पातळ असताना दर दहा सेंटिमीटरला एक अंशाहून अधिक असा तापमानाचा फरक पडू लागला, की खालून वर जाणारी वाफ कणांवर नव्याने गोठून त्यांचे मोठे, कोनदार स्फटिक बनवते. साखरेच्या दाण्यांप्रमाणे सुटे असलेले हे स्फटिक एकमेकांना धरत नाहीत. स्थानिक लोक त्यांना ‘शुगर स्नो’ म्हणतात. पुढच्या वादळात त्यांच्यावर जड थर साचला, की वरच्या संपूर्ण पाट्याला आधार उरतो तो फक्त या दाण्यांचा.

तो आधार ढासळला म्हणजे हिमस्खलन होते. बहुतेक पाटे 30 ते 45 अंशांच्या उतारांवर सुटतात, आणि सपाट वाटेवर चालणाऱ्यालाही असा उतार केवळ डोक्यावर असणे पुरेसे घातक ठरते. एमराल्ड लेकचा काठ याच कारणाने काही दिवशी टाळण्याजोगा असतो. पायाखालून ‘धप्प’ असा दबका आवाज येणे किंवा हिमात तडा धावत जाणे ही कमकुवत थर खचल्याची खूण आहे. कोलोरॅडो अ‍ॅव्हलांच इन्फर्मेशन सेंटर ही राज्यसंस्था हिवाळ्यात रोज पाच पातळ्यांत धोक्याचा अंदाज प्रसिद्ध करते आणि तो न वाचता घळईत जाणे हा निव्वळ अविचार आहे. तीव्र उतारांजवळ जाणारे लोक संदेशलहरी सोडणारे बीकन, हिमात खुपसायची लांब सळई आणि फावडे जवळ बाळगतात, कारण गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर निघाला तरच वाचण्याची आशा मोठी असते. तेवढ्या वेळात बाहेरून मदत पोहोचणे शक्य नसते, सोबतीच काय ते करू शकतात.

तळ्यांवरच्या बर्फाची गोष्ट वेगळी आहे. पाणी चार अंशांना सर्वांत जड असल्याने त्याहून थंड पाणी वर राहते आणि तळे वरून गोठत जाते. एकट्या माणसाला चालण्यासाठी निदान दहा सेंटिमीटर जाडीचा स्वच्छ, गडद बर्फ लागतो, असा सर्वमान्य ठोकताळा आहे. हिम भिजून गोठल्याने झालेला पांढरा बर्फ त्याच्या जवळपास निम्म्याच ताकदीचा असतो. बर्फावर हिमाची दुलई पडली, की थंडी आत पोहोचत नाही आणि बर्फाची वाढ मंदावते, शिवाय त्या भाराने बर्फ दबून भेगांतून पाणी वर येते, म्हणून मऊ पांढरा पृष्ठभाग निसरड्या काचेपेक्षा अधिक फसवा असतो. ओढा जेथे तळ्यात येतो आणि जेथून बाहेर पडतो, तेथे वाहत्या पाण्यामुळे बर्फ भर हिवाळ्यातही पातळ राहतो. ड्रीम लेकवर मात्र घळईतून सुटणारा पश्चिमवारा हिम झाडून नेतो आणि खाली निळसर, तडे गेलेला बर्फ उघडा पडतो. त्यात गोठून राहिलेले हवेचे बुडबुडे दिसतात. तो पाहण्यासाठी काठावर थांबणे पुरते.

डिसेंबरअखेरीस दिवस सव्वानऊ तासांचाच असतो, आणि उंच शिखरांमुळे घळईतले ऊन त्याच्याही बरेच आधी जाते, त्यामुळे परतीचा निर्णय दुपारीच घ्यावा लागतो. जाताना उमटलेली पावले झाडीत सुरक्षित राहतात आणि सांधली जाऊन कडकही झालेली असतात, पण ड्रीम लेकच्या उघड्या काठावर वाऱ्याने ती तासाभरात पुसलेली असू शकतात. तेथे नकाशा आणि होकायंत्र पुन्हा हातात घ्यावे लागते.