लांब जायचंय? पायडलाचे फेरे मोजा



मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकल मिळते. शाळेला सुट्टी असली की तीच सायकल आपल्यातल्या कितीतरी जणी बँकेच्या, बाजाराच्या कामाला काढतात. चार-पाच किलोमीटरला काही वाटत नाही. पंधरा-वीस झाले की गुडघे बोलू लागतात. मग ‘आता वय झालं’ म्हणत सायकल सुटते. आम्हाला हे पटत नाही. पुष्कळदा दोष वयाचा नसतो, जड पायडलाचा असतो.

पायडल जड असलं की प्रत्येक फेऱ्याला गुडघ्यावर जोर येतो. हलकं करून थोडं भरभर फिरवलं, तर तेच काम जास्त फेऱ्यांत वाटलं जातं. शर्यतीतले सायकलपटू मिनिटाला 80 ते 100 फेरे मारतात. आपल्याला 50 ते 60 पुरे. सोबतिणीशी बोलता येईल, एवढाच दम लागावा.

मोजायचं कसं? पुढे 44 दाते, मागच्या फ्रीव्हीलला 18 आणि चाक 26 इंची असेल, तर पायडलाच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे 5 मीटर जाते. किलोमीटरला 200 फेरे. रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दोन दगडांमध्ये चार मिनिटं लागली, तर मिनिटाला 50 फेरे पडले. पाच लागली तर 40. आणि 40 फेऱ्यांतही पाय भरून येत असतील, तर ती सायकल त्या वाटेला जड आहे.

असं कधी होतं? आषाढात परभणीहून मानवत-पाथरीकडे निघालं की वारा समोरून येतो. जिंतूरकडे चढ लागतात. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीनं 2018 मध्ये, विसाव्या वर्षी, 159 दिवसांत सुमारे 29,000 किलोमीटर सायकल चालवली. तिच्या सायकलला गिअर होते, आपल्या सायकलला नाहीत. म्हणून दुकानात 18 ऐवजी 22 दात्यांचं फ्रीव्हील बसवून मागा. मग एका फेऱ्यात चारच मीटर जाल, पण पायडल हलकं होईल. सपाट रस्त्यावर वेग थोडा घटेल, तो घटू द्या. उभा चढ आला तर उतरून ढकला, त्यात कसली लाज?

सीटही बघा. पाय जमिनीला टेकावेत म्हणून आपण ती फार खाली ठेवतो आणि गुडघा सतत वाकलेला राहतो. पायडल अगदी खाली असताना त्यावर टाच ठेवली, की पाय सरळ व्हायला हवा. सीट एकदम वर घेऊ नका, भीती वाटते. आठवड्याला बोटभर चढवा.