कृत्तिका मोजण्याची चाळीस वर्षं

नोव्हेंबर १९८५. मुलुंडला आमच्या तीन मजली इमारतीच्या गच्चीवर बाबांनी सतरंजी अंथरली होती. हॅलेचा धूमकेतू ७६ वर्षांनी परत येत होता आणि त्या आठवड्यात तो कृत्तिकांच्या जवळून चालला होता. बाबांनी कुणाकडून तरी द्विनेत्री मागून आणली होती. मान मोडेपर्यंत शोधलं, पण धूमकेतू सापडला नाही. "राहू दे. कृत्तिका किती दिसतात ते मोज," बाबा म्हणाले. मी मोजल्या, सहा. त्यांनी वहीत तारीख घातली आणि पुढे आकडा लिहिला.

ती वही माझ्याकडे आहे. कार्तिक-मार्गशीर्षात चंद्र नसलेली एखादी स्वच्छ रात्र धरायची आणि नुसत्या डोळ्यांनी मोजायचं, एवढाच नेम. बाबा गेल्यावरही तो मोडला नाही.

कृत्तिकांचं आणि आमच्या उपनगराचं वर्ष एकमेकांत छान बसतं. ऑक्टोबरात पाऊस आटोपला की रात्री नऊच्या सुमारास त्या खाडीच्या बाजूने वर आलेल्या असतात. जानेवारीत त्याच वेळी त्या थेट डोक्यावर, मागोमाग रोहिणी, मृग, व्याध, आणि दक्षिणेला जेमतेम अठरा अंशांपर्यंत चढणारा अगस्ती. एप्रिलच्या अखेरीस त्या येऊरच्या डोंगराआड जातात. मे महिन्यात सूर्य त्यांच्याजवळ असतो, आणि पहाटे पूर्वेला पुन्हा दिसायची वेळ येते तोवर ढग दाटतात. तैत्तिरीय संहितेत त्यांची सात नावं आहेत: अंबा, दुला, नितत्नी, अभ्रयंती, मेघयंती, वर्षयंती, चुपुणिका. त्यातल्या तिघी तर सरळ ढगांच्या आणि पावसाच्याच. ही नावं पहिल्यांदा वाचली तेव्हा अंगावर काटा आला होता.

शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६च्या 'भारतीय ज्योतिषशास्त्रा'त कृत्तिकांवरूनच काळ मोजला. त्या पूर्वेपासून ढळत नाहीत असा शतपथ ब्राह्मणात उल्लेख आहे. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो, त्यामुळे तारे उगवण्याची जागा हजारो वर्षांत सरकते. त्यावरून दीक्षितांनी तो उल्लेख सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीचा ठरवला. आज आमच्या गच्चीवरून त्या ठीक पूर्वेच्या पंचवीसेक अंश उत्तरेला उगवतात. मुरूडच्या या माणसाचं नाव उपनगरातल्या एकाही शाळकरी मुलाला ठाऊक नसावं, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

हॅलेच्याच निमित्ताने १९८५ साली शीवला खगोल मंडळ सुरू झालं आणि रात्रभराच्या आकाशदर्शनासाठी मुंबईकर कर्जत लायनीवर वांगणीला जाऊ लागले. मी पहिल्यांदा गेलो तो १९९०च्या डिसेंबरात. विजेरीच्या काचेवर लाल जिलेटिनचा कागद, अंगावर शाल, आणि एक दादा हात लांब करून राशी दाखवतोय. वर पाहिलं तर कृत्तिका सात, आणि डोळे सरावल्यावर आठवीही. पहाटेच्या लोकलने परत येताना कुणीच फारसं बोलत नव्हतं.

वहीतला आकडा मात्र उतरत गेला. १९९७च्या मार्च-एप्रिलमध्ये हेल-बॉप धूमकेतू अख्ख्या गल्लीने गच्चीवरून शेपटीसकट पाहिला, पण त्याच वर्षी कृत्तिका चारच भरल्या. २०१२ला दोन. कारण साधं आहे. सर्वांत तेजस्वी तारका २.९ प्रतीची, बाकी पाच जणी ३.६ ते ४.३ प्रतीच्या. आकाश जरा उजळलं की आधी त्या पाच जातात. रस्त्यावरचे पिवळे सोडियमचे दिवे जाऊन पांढरे एलईडी आले, बांधकामांची धूळ वाढली, टॉवरच्या माथ्यावर रोषणाई आली.

एकदाच आकडा वर चढला. २०२०च्या गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, टाळेबंदी नुकतीच लागलेली, हवा धुतल्यासारखी, मी पश्चिमेला चार मोजल्या. नेमाच्या बाहेरची नोंद, पण लिहिल्यावाचून राहवलं नाही. त्याच दिवसांत शुक्र सरकत सरकत ३ एप्रिलला कृत्तिकांमध्ये शिरला. ५ तारखेला रात्री नऊ वाजता नऊ मिनिटं दिवे मालवून सगळे पणत्या घेऊन उभे होते. चांदणं भरपूर होतं, तरी गच्चीवर आलेल्या शेजारच्या आजींच्या हातात मी द्विनेत्री दिली. "शुक्राची चांदणी रोज बघते," त्या म्हणाल्या, "पण तिच्या पायाशी ही एवढी पोरं कुठून आली?" पणती विझली तरी त्यांनी डोळे काढले नाहीत. नऊ मिनिटं संपली, दिवे लागले, आजी मात्र अजून मोजत होत्या.

२०२५च्या त्रिपुरी पौर्णिमेच्या दुसऱ्या रात्री, ६ नोव्हेंबरला, मोठा थोरला चंद्र कृत्तिकांना खेटून होता. मोजण्यात अर्थ नव्हता. मग अमावास्येनंतर गच्चीवर गेलो. धुरकटातून एक दिसली, दुसरीची नुसती शंका. एकच लिहिली.

डिसेंबरात मुलीला घेऊन वांगणीला गेलो. बदलापूरच्या बाजूला आता क्षितिजावर पांढरट पट्टा उभा असतो. सतरंजीवर पडून तिने बोट नाचवत मोजल्या, मग मी मोजल्या. सहा. मुलुंडच्या गच्चीवरून १९८५ साली दिसल्या होत्या तेवढ्या.