धूम्रपानबंदी आणि धंद्याची धास्ती

सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला मनाई केली की गिऱ्हाईक तुटते आणि बार, हॉटेल, पानटपरी यांचा धंदा बसतो, हा आक्षेप या मनाईइतकाच जुना आहे. तो मुंबई-पुण्याच्या मोठ्या बारपुरता मर्यादित नाही. बीड तालुक्यात मांजरसुंबा–केज मार्गावर वसलेल्या नेकनूरसारख्या आठवडी बाजाराच्या गावात छोटा व्यावसायिक हाच प्रश्न पोटापाण्याच्या भाषेत विचारतो, आणि म्हणूनच त्याचे उत्तर पुराव्यानिशी देणे आवश्यक ठरते.

‘मुरली देवरा विरुद्ध भारत सरकार’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ रोजी रुग्णालये, शाळा-महाविद्यालये, न्यायालये, सार्वजनिक वाहने अशा ठिकाणी धूम्रपानास मनाई केली, आणि त्यानंतर २००३ मध्ये ‘कोटपा’ या संक्षिप्त नावाने ओळखला जाणारा केंद्रीय तंबाखू नियंत्रण कायदा आला. या कायद्याच्या चौथ्या कलमाखालील सुधारित नियम २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झाल्यावर बार, कामाची ठिकाणे आणि बसस्थानकेही मनाईच्या कक्षेत आली. उल्लंघन करणाऱ्यास २०० रुपयांपर्यंत दंड ठरला आणि आपल्या जागेत असे उल्लंघन होऊ देणारा मालकही जबाबदार धरला गेला. तीस किंवा अधिक आसनांच्या उपाहारगृहाला स्वतंत्र धूम्रपान कक्ष ठेवता येतो; मात्र तो चहूबाजूंनी बंदिस्त हवा आणि त्यातील धूर इतरत्र न पसरता थेट बाहेर टाकला गेला पाहिजे.

धंद्यावरील परिणामांचा अभ्यास जगभर झाला आहे. आयर्लंडने २९ मार्च २००४ पासून देशभरातील पबमध्ये धूम्रपान बंद केले. त्याआधीच, २००३ मध्ये, अशा निर्बंधांच्या आर्थिक परिणामांवरील ९७ अभ्यासांचा एक आढावा प्रसिद्ध झाला होता. ज्या अभ्यासांची पद्धत काटेकोर होती आणि ज्यांनी विक्रीकराच्या नोंदींसारखी वस्तुनिष्ठ आकडेवारी वापरली होती, त्यांत तोटा आढळला नाही, तर तोटा दाखवणाऱ्या बहुतेक अभ्यासांमागे तंबाखू उद्योगाचे पाठबळ होते, असे त्यातून दिसून आले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनेही २००९ मध्ये, धूम्रपानबंदीमुळे उपाहारगृहे आणि बार यांच्या व्यवसायात घट होत नाही, असाच निष्कर्ष काढला.

तरीही प्रतिपक्षाचा पुरावा डावलणे योग्य नव्हे. मार्च २००६ मध्ये स्कॉटलंडमध्ये बंदी आल्यानंतर, ती तोवर लागू नसलेल्या शेजारच्या इंग्लंडमधील पबशी तुलना करणाऱ्या एका अभ्यासाला स्कॉटिश पबची विक्री सुमारे १० टक्के, तर ग्राहकसंख्या सुमारे १४ टक्के घटल्याचे आढळले. हा अभ्यास मात्र अल्पकालीन परिणामांपुरताच होता. शिवाय नियम एकाला लागू आणि शेजाऱ्याला मोकळीक, अशी स्थिती असते तेव्हा गिऱ्हाईक वळण्याची भीती अनाठायी नसते, हेही खरे. पण नियम सर्वांना सारखा लागू झाला, तर धूम्रपान करणाऱ्याला वळायला दुसरी जागाच उरत नाही.

नेकनूरसारख्या गावासाठी कळीचा मुद्दा हाच आहे. तिथल्या छोट्या हॉटेलात वा परमिट रूममध्ये तीस आसने नसतील, तर स्वतंत्र कक्षाची सवलत मिळत नाही; त्यामुळे एकाने नियम पाळला आणि पलीकडच्याने टेबलावर राखपात्र ठेवले, तर प्रामाणिक माणसाचे नुकसान होते. त्या नुकसानीचे कारण मात्र कायदा नसून त्याची अर्धवट अंमलबजावणी असते. पानटपरीचे गणित वेगळे आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ अवघे ३.८ टक्के, तर चघळण्याच्या वा मिश्रीसारख्या धूरविरहित तंबाखूचे सेवन करणारे २४.४ टक्के होते. म्हणजे राज्यातील तंबाखूच्या सवयीचा मोठा भाग धूम्रपानबंदीच्या कक्षेबाहेरच राहतो. सुट्या सिगारेट-बिडीच्या विक्रीवर राज्याने सप्टेंबर २०२० मध्ये घातलेली बंदी टपरीला अधिक थेट भिडते आणि तिची चर्चा स्वतंत्रपणेच व्हायला हवी.

या सर्व हिशेबात एक माणूस हमखास विसरला जातो, तो म्हणजे बंद खोलीत रोज आठ-दहा तास इतरांचा धूर श्वासात घेणारा वेटर. अप्रत्यक्ष धूम्रपान, म्हणजे दुसऱ्याने सोडलेला धूर शरीरात जाणे, हे फुप्फुसाच्या कर्करोगाचे आणि हृदयविकाराचे सिद्ध झालेले कारण आहे, आणि पंखा किंवा खिडकी त्यापासून पुरेसे संरक्षण देत नाही. गिऱ्हाईक उठून जाऊ शकते. वेटरला तो पर्याय नसतो. म्हणून नियमात सूट मागण्याऐवजी तो शेजारच्या दुकानालाही तितक्याच काटेकोरपणे लावा, ही मागणी व्यावसायिकांनी करावी, आणि ग्रामपंचायत, पोलीस व आरोग्य यंत्रणेने ती पूर्ण करावी. धंदा आणि आरोग्य या दोहोंचे हित त्यातच आहे.