चांदीचे चमचे
चांदीचे चमचे : जन्म, विवाह, मृत्यू यांसारख्या प्रसंगी किंवा पूजाविधीत वापरण्यासाठी घडविलेले चांदीचे लहान, दांडीयुक्त पात्र. रोजच्या जेवणाशी त्याचा संबंध थोडा, प्रसंगाशी अधिक. यूरोपात डच चमचे या दृष्टीने विशेष प्रसिद्ध आहेत. महाराष्ट्रात त्यांच्या जोडीला ठेवता येतील अशा वस्तू म्हणजे पळी, बोंडले आणि उष्टावणाचा वाटी-चमचा. ‘चमचा’ हा शब्द मराठीत फार्सीतून आला. ‘पळी’ हा घरातला जुना शब्द असून ‘पळीवाढी आमटी’सारख्या प्रयोगांत तो स्वयंपाकघरातही रुळलेला आहे.

नेदर्लंड्समध्ये सतराव्या-अठराव्या शतकांत बालकाच्या जन्मानिमित्त त्याचे नाव व जन्मतिथी कोरलेला चमचा भेट देत. मृत व्यक्तीच्या स्मरणार्थही चमचे करीत. त्यांवर तिचे नाव व मृत्युदिन असे आणि ते आप्तांना किंवा शवपेटी वाहणाऱ्यांना दिले जात. फ्रीसलंड व ग्रोनिंगेन या उत्तरेकडील प्रांतांत लग्न-बारशाला दोन कानांच्या चांदीच्या वाडग्यात मनुका घातलेली ब्रँडी भरून तो पाहुण्यांत फिरवीत आणि प्रत्येक जण चमच्याने ती घेई. दांडीच्या टोकास ख्रिस्ताचा एखादा शिष्य, जहाज अथवा प्राणी यांची ओतीव आकृती असे. कारागीर, शहर व वर्ष दर्शविणारे ठसे त्या त्या शहराच्या कारागीर-संघाच्या नियमांनुसार उमटवीत. १८१४ पासून शुद्धतेच्या ठशांची राष्ट्रीय पद्धत आली व हजारी ९३४ आणि ८३३ अशा दोन प्रती ठरल्या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जुन्या वस्तूंची हौस वाढताच नेदर्लंड्समध्ये व जर्मनीत त्यांच्या नकला मोठ्या प्रमाणावर होऊ लागल्या. काहींवर जुन्या ठशांसारखे दिसणारे ठसेही असतात. बाजारात ‘प्राचीन डच’ म्हणून मिळणारे पुष्कळ चमचे या वर्गातले असल्याने नुसत्या ठशावर विसंबणे धोक्याचे ठरते. स्कोनहोव्हन हे गाव चांदीकामासाठी विख्यात असून तेथे या कलेचे संग्रहालय आहे.

धरमतर खाडीच्या मुखाशी असलेल्या रेवस बंदरापासून दक्षिणेस रेडीपर्यंतच्या कोकण किनाऱ्याला डच अपरिचित नव्हते. त्यांनी १६३७ मध्ये वेंगुर्ले येथे वखार घातली. तिची पडकी इमारत अद्याप उभी आहे. चांदीच्या पात्रांची इथली परंपरा मात्र स्वतंत्र व कितीतरी जुनी असून तिचे मूळ धार्मिक विधींत आहे. यज्ञातील लाकडी स्रुवा हे तिचे दूरचे पूर्वरूप म्हणता येईल.

पळी, पंचपात्र व ताम्हण हा संध्येचा व पूजेचा संच होय. नित्याचा संच बहुधा तांब्याचा. चांदीचा मुंजीत बटूला किंवा लग्नात जावयाला ऐपतीप्रमाणे दिला जाई. पळीची वाटी लहान व उथळ असते, याला कारण आहे. आचमनाचे पाणी उडदाचा दाणा बुडेल एवढेच असावे, असा शास्त्रसंकेत आहे. पळी डाव्या हातात धरून उजव्या तळहातावर पाणी घेतात व केशव, नारायण, माधव या नामोच्चारांसह तीनदा प्राशन करतात. देवाचे तीर्थही पळीनेच देतात. दांडीच्या टोकाला पुष्कळदा नागफणा असतो.

बोंडले हे तान्ह्या मुलाला दूध किंवा उगाळलेली गुटी पाजण्याचे पात्र. होडीसारखी वाटी व पुढे निमुळती चोच, अशा त्याच्या घाटामुळे द्रव बेताने तोंडात जातो. बाटलीच्या प्रसारामुळे त्याचा वापर कमी झाला. उष्टावण मुलाचे सहाव्या किंवा आठव्या, तर मुलीचे पाचव्या किंवा सातव्या महिन्यात करतात. त्या वेळी मामा किंवा घरातील वडीलधारी व्यक्ती सोन्याच्या अंगठीने अथवा चांदीच्या चमच्याने बाळाला खीर चाटवते. वाटी-चमचा बहुधा आजोळहून येतो. चांदीचा चमचा तोंडात घेऊन जन्मणे ही इंग्रजीवरून आलेली म्हण; मराठी बालकाला तो मिळायला निदान पाच महिने थांबावे लागते.

अलिबाग परिसरातील कुटुंबांची चांदीची खरेदी गावच्या सोनाराकडे, तशीच रेवसहून बोटीने गाठता येणाऱ्या मुंबईच्या झवेरी बाजारातही होई. अशा चांदीकडे गृहस्थ ठेव म्हणूनही पाहत असे. अडीअडचणीला किंवा घरातल्या पुढच्या कार्याला ती मोड म्हणून सोनाराकडे जाई, टंच काढून वजनाने तिचा हिशेब होई आणि त्याच धातूची नवी वस्तू घडे. यामुळे आजीची चांदी नातीपर्यंत पोहोचली, तरी आजीची पळी पोहोचलीच असे नाही. जुन्या वस्तूंवर डच पद्धतीचे ठसे नसल्यामुळे घडविणाऱ्याचे नाव व काळ सांगणे कठीण जाते. भारतात चांदीसाठी शुद्धतेचा अधिकृत मुद्रांक २००५ पासून देण्यात येऊ लागला.

भांड्यांवर नाव घालण्याची चाल महाराष्ट्रात सार्वत्रिक आहे. पण पंक्तीसाठी उसनी गेलेली भांडी ओळखून परत यावीत, हा तिचा मुख्य हेतू. डच चमच्यावरील नाव व्यक्तीच्या स्मरणासाठी होते, म्हणून तो वितळविण्यास मन धजत नसे. मराठी घरांतही आहेर देणाऱ्याचे व घेणाऱ्याचे नाव, प्रसंग आणि तारीख कोरलेली पळी किंवा वाटी अधूनमधून आढळते, आणि घराण्याच्या इतिहासाच्या दृष्टीने तिचे मोल धातूच्या किमतीहून पुष्कळ अधिक असते. अशी अक्षरे उथळ कोरलेली असतात. हवेतील गंधकयुक्त वायूंमुळे चांदी काळवंडते व दमट हवेत ही क्रिया लवकर होते. म्हणून किनाऱ्यावरील घरांत ती वारंवार घासली जाते. राख किंवा रांगोळीने घासल्यास काळपणाबरोबर अक्षरेही झिजतात. तेव्हा नाव असलेली वस्तू रिठ्याच्या पाण्याने धुऊन मऊ कापडाने पुसावी आणि कोरडी करून कापडात गुंडाळून ठेवावी.