पार्सरने गप्प बसू नये

डेटा मजकूर म्हणून पाठवायच्या जेसॉन या रूपाचा नियम आधीपासून स्पष्ट आहे. डग्लस क्रॉकफर्ड यांनी २००१ च्या सुमारास हे रूप पुढे आणलं आणि २००६ च्या आरएफसी ४६२७ ने त्याचं व्याकरण लिहून ठेवलं. आकड्यांच्या जागी ‘नॅन’ (म्हणजे ‘आकडा नव्हे’) आणि ‘इन्फिनिटी’ चालणार नाहीत, हेही तिथेच आहे. तरी ही दोघं आजवर आपली पाठ सोडत नाहीत.

सुरुवातीला ब्राउझरमध्ये आलेला मजकूर सर्रास ‘इव्हॅल’च्या हवाली केला जाई. डेटा वाचायच्या ऐवजी तो चक्क चालवला जाई, त्यात कुणी घुसडलेला कोडसुद्धा! २००९ च्या ईसीएमएस्क्रिप्ट ५ ने ‘जेसॉन.पार्स’ जावास्क्रिप्ट भाषेतच दिलं. नियमाबाहेरचं एक अक्षर दिसलं की सिंटॅक्स एरर. हा कडकपणा मला फार मोलाचा वाटतो.

पायथॉनच्या २.६ आवृत्तीत, २००८ साली, जेसॉन मॉड्यूल आलं ते मात्र सैल. नॅन लिहायची आणि वाचायची मुभा, तीही डिफॉल्ट. समजा, एका सेन्सरची तापमानाची नोंद हुकली, पांडाज या लायब्ररीने तिथे नॅन ठेवला आणि सर्व्हरने तो तसाच पाठवला. पायथॉनमधल्या चाचण्या सगळ्या पास होतात. ब्राउझरमध्ये त्या एका किमतीपायी अख्खा रिस्पॉन्स बाद. निदान बिघाड दिसतो तरी. जावास्क्रिप्टकडून तोच नॅन पाठवला, तर त्याचा गुपचूप नल होतो. मला हे जास्त घातक वाटतं. नोंदच नव्हती की शून्याला शून्याने भागलं गेलं, हे पुढे कुणालाच सांगता येत नाही.

व्याकरणात बसणारी किंमतही दगा देते. ९००७१९९२५४७४०९९३ हा आकडा जावास्क्रिप्टमध्ये वाचला की शेवटी ३ च्या जागी २ येतो, कारण २ च्या ५३ व्या घातापलीकडे तिथले सगळे पूर्णांक नेमके मावत नाहीत. ट्विटरने २०१० मध्ये ट्वीटचे क्रमांक मोठे होताना तोच क्रमांक स्ट्रिंग म्हणूनही द्यायला सुरुवात केली, ती यासाठीच.

निकोला सेरिओ यांनी २०१६ मध्ये अनेक पार्सर एकाच फायलींवर तपासले, तेव्हा त्यांचं आपसात जुळत नसल्याचं उघड झालं. २०१७ च्या आरएफसी ८२५९ नेही पार्सरला नियमाबाहेरचं स्वीकारायची मोकळीक ठेवली. ती काढायला हवी होती, असं माझं ठाम मत आहे.

पायथॉनचा डिफॉल्टही अजून तसाच सैल आहे. जेसॉन लिहितानाचा ‘अलाउ नॅन’ हा पर्याय आपल्यालाच फॉल्स करावा लागतो. मग व्हॅल्यू एरर सर्व्हरवरच येते आणि हुकलेला सेन्सर तिथेच सापडतो.